तिसरा रकाना

ओल्ड ऑर्चर्ड बीचवर, रुळांच्या अलीकडे,
आमचं अठरा खोल्यांचं मोटेल.
वहीत पाच रकाने: तारीख, नाव, कुठून,
गाडीचा नंबर, किती रात्री.
संगणक आहे. वही सोडवत नाही.

तिसऱ्या रकान्यात वीस उन्हाळे जवळजवळ एकच शब्द,
वेगवेगळ्या हातांचा: केबेक.
त्याखाली नुसत्या दोन रेघोट्या, म्हणजे ऐजन.
जुलैच्या पानावर वरपासून खालपर्यंत
ऐजन, ऐजन, ऐजन,
साखरेच्या डब्याकडे निघालेल्या मुंग्या.

मधूनच एखादा जर्मन, पाव काळाच हवा म्हणणारा.
एका वर्षी ब्राझीलचं अख्खं वऱ्हाड,
नवरीने पोहण्याच्या तलावात अंगठी घालवली,
ती आम्हाला ऑक्टोबरात, पाणी काढल्यावर सापडली.
आणि तो साथीचा उन्हाळा, सरहद्द बंद,
पान इतकं कोरं की वृंदाने त्यावर
वाणसामानाची यादी केली.
अजून आहे तिथेच: जिरं, हळद, ब्लीच.

सरहद्द उघडली आणि गाएतान बोल्डुक बाई आल्या,
नऊ नंबर, सालाबादप्रमाणे,
मागच्या सीटवर परसातल्या टोमॅटोंची टोपली.
खुर्ची समुद्राकडे नको, रस्त्याकडे तोंड करून हवी.
"समुद्र काय, तो येतोच.
माणसं कोण येतात ते बघायचं."
दिवसभर नंबरप्लेटा मोजायच्या.
माझ्याहून पक्का हिशेब.

या मार्चात त्यांचा फोन.
आधी हवापाणी, मग गुडघा, मग:
"तुमच्यावर राग नाही.
पण भाऊ येत नाही, शेजारी येत नाहीत,
मी एकटी आले तर
त्यांना कुठलं तोंड दाखवू?"
कारण विचारलं नाही. टीव्ही आमच्याकडेही आहे.
म्हटलं, "बरं."
त्याही म्हणाल्या, "बरं."
शब्द मीच शिकवलेला,
उसना दिलेला घरी परत आला.

जूनमध्ये पर्यटन खात्याची मुलगी आली,
हातात टॅबलेट, त्यावर रंगीत रेघा,
देशागणिक एक.
"ही कॅनडाची," म्हणाली,
आणि लाल रेघेवर नेमकं तिथे बोट ठेवलं
जिथून उतार सुरू होतो.
मला वाटलं, तिथे दुखत असणार,
गुडघ्याच्या वाटीखाली.
"भरपाई कुठून होईल?"
मग माझं नाव वाचून: "भारतातून वाढतायत म्हणे."

भारतातून आमच्याकडे आजवर
एक मेहुणा आला. नऊ रात्री.
पैसे दिले नाहीत.
तो रेघेत धरायचा का, विचारलं,
तर तिने खरंच काहीतरी टिपून घेतलं.

वृंदा म्हणाली, फ्रेंच पाटी काढू या का,
ओहायोच्या लोकांना उगाच कोडं.
मी शिडी आणली. तिने धरली.
स्क्रू गंजून बसलेले, फिरेनात.
दोघांचंही तेवढ्यावर निभावलं.
खाली उतरलो.

काल नऊ नंबरात ओहायोचंच जोडपं.
सकाळी विचारतात, खुर्ची उलटी का?
मी म्हटलं, सवय.
त्यांनी ती समुद्राकडे फिरवली, कॉफी प्यायले, गेले.
मी चादरी काढल्या,
खुर्ची पुन्हा रस्त्याकडे केली
आणि जरा टेकलो.

मेन. मेन. मॅसॅच्युसेट्स. मेन.
न्यू हॅम्पशर, वर सायकली बांधलेल्या.
मेन.
पावणेअकराला एक निळी गाडी, केबेकची,
वेग कमी करून
पाटीपाशी घुटमळली
आणि पुढे गेली.

नाव नाही, रात्री नाहीत.
वहीत तरी काय लिहिणार.
तारीख लिहिली, तिसऱ्या रकान्यात केबेक,
बाकीचे तीन सोडले.