करंट गेला

कॅम्पात, चर्चच्या मागल्या गल्लीत, मिनिनचं दुकान.
साठ मिनिटांची कॅसेट अठरा रुपयांना भरून मिळायची.
काय भरू, असं तो विचारायचा नाही.
चेहरा बघायचा आणि स्वतःच्या मनानं भरायचा.
मला पहिल्यांदा दिलं ते तीन सुरांचं भांडण:
गाणारा गात नव्हता, कुणाला तरी घराबाहेर काढत होता.
दोन मिनिटांत गाणं खलास.
तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत माझे कान लाल.

मग मी शर्टाला सेफ्टी पिना लावल्या. अकरा.
आई म्हणाली, बटणं तुटली तर सांगायचं की रे,
आणि रात्री बसून तिनं सगळी बटणं लावून टाकली.
पिना डब्यात.

बँड म्हणजे मी, महांतेश आणि दस्तगीर.
दस्तगीर वरातीच्या ताफ्यातला, ड्रम तिथलाच,
कातड्यावर अजून कुणाच्या तरी लग्नाचा गुलाल.
महांतेशची गिटार धारवाडच्या मामाची, पाच तारांची,
सहावीला पैसे कधी जमलेच नाहीत.
वायर काढून जुन्या रेडिओत खुपसलेली.
तालीम वडगावात, दादांच्या माग-शेडमध्ये,
बारा पॉवरलूम चालू असताना,
कारण तिथं कुणाला काही ऐकू यायचं नाही.
आम्हालाही.
धोटा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं,
मिनिटाला दीडशेदा,
आणि त्या भिंतीला टेकून मी बोंबलायचो.

खरं एक गोष्ट मी लपवली होती.
पहाटे धारवाड केंद्रावर कन्नड भावगीत लागलं
की उशीत तोंड खुपसून मी रडायचो,
निम्मे शब्द न कळता.
सौंदत्तीची जोगतीण दारात आली
की चार आणे देऊन म्हणायचो, अजून एकदा.
काखेत दाबलेलं ते चौंडकं, ती एकच तार,
तिची ती वर-खाली होणारी गुरगुर:
मिनिनच्या एकाही कॅसेटीत तसली गिटार नव्हती.
शिवाय सांगली केंद्रावरची नाट्यपदं.
शिवाय मोहरमात दस्तगीरचे अब्बा म्हणायचे त्या रिवायती.
किती म्हणून सांगू.

महांतेशचा नियम असा:
पंक म्हणजे पंक. बाकीचं ऐकेल तो गद्दार.
दुकानांच्या पाट्यांना डांबर फासायचे दिवस होते ते.
गद्दार हा शब्द आमच्याकडं स्वस्त होता,
दोन्ही भाषांत मिळायचा.

मार्चातली संध्याकाळ. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध
करंट गेला.
माग एकेक करून थांबले, म्हातारी माणसं बसतात तसे.
रेडिओ मेला. माझं तोंड मात्र उघडंच,
आणि सगळी गल्ली एकदम ऐकायला लागलेली.
टेकायला भिंत नाही म्हटल्यावर
बोंब जराशी कलली,
तोल सावरायला जवळचं काहीतरी धरतो तसं
तिनं पहाटेच्या त्या भावगीताचं वळण धरलं.
धरलं ते सुटेना.
दस्तगीरनं काठ्या खाली ठेवल्या,
बोटांनी मोहरमची चाल सुरू केली.
मी महांतेशकडं बघितलं नाही. कसा बघणार?

अंधारात पाच तारांवर, हळू,
पुढची ओळ वाजली.
अचूक. मधली मुरकीसुद्धा.
म्हणजे ह्याच्याही उशीला ओल होती तर.

खिडकीतून यल्लूबाई कांडी भरता भरता म्हणाली,
शेवटचं तेवढं बरं होतं बघ पोरानू,
आधी काय मोटार बिघडलेली काय?

करंट आला. माग सुरू झाले.
आम्ही पुन्हा तेच भांडण काढलं, पहिल्यापेक्षा जोरात,
आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मिनिननं माझा चेहरा बघितला,
बराच वेळ,
मग फळीवरून नव्वद मिनिटांची कॅसेट काढली.
सात रुपये जादा घेतले मेल्यानं.