तिसऱ्या क्लॅरिनेटचा कागद

दिवसा मी दांडिया बाजारात कवळ्या करतो.
लोकांच्या तोंडातली रिकामी जागा
मेणात उतरवून घ्यायची,
मग तिच्या मापाचं काही बसवायचं,
एवढंच येतं मला.
शुक्रवारी मात्र दुकान अर्धा दिवस बंद.
यासीनभाईच्या चादरीपुढे मी उकिडवा,
मोडके पंखे, पितळी नळ, कुणाकुणाच्या लग्नांचे फोटो
यांच्या खालून
पाच रेघांचे कागद ओढत.

संस्थानाचा बँड होता तेव्हा
या बडोद्यात राग पाच रेघांवर वाळत घालायचे.
सारंग कॉर्नेटला, भूप क्लॅरिनेटला,
आणि तळाशी चाल बांधणाऱ्याची सही.
माझ्याकडे अशा एकोणीस सह्या आहेत.
बायको म्हणते, एकोणीस कागद आहेत.
आमच्यातला फरक तेवढाच,
तीस वर्षं जुना.

विसावा यासीनभाईने
स्वतःच्या रुमालात गुंडाळून ठेवला होता,
तेव्हाच भाव ओळखायला हवा होता मी.
"बँडमास्तर पवळ्यांचा हात, सायेब. असली छे."
पवळे!
ज्यांच्या चाली म्हाताऱ्यांना आठवतात
आणि सही कुणीच पाहिलेली नाही.
साडेचार हजार.
म्हणजे एका माणसाचे वरचे-खालचे सगळे दात.
दिले.

रात्री दिव्याखाली उलगडला.
सारंग. संथ. तिसरा क्लॅरिनेट.
पहिल्या ओळीत नुसती एक जाड आडवी रेघ,
तिच्या डोक्यावर आकडा, चोवीस.
चोवीस घरं गप्प बसायचं.
मग चार स्वर.
मग पुन्हा रेघ, सोळा.
मग दोन स्वर, आणि एक लांब षड्ज, शेवटपर्यंत.
बाकीचे कागद, पहिला क्लॅरिनेट, कॉर्नेट, ढोल,
कुठल्या तरी उत्तरायणात पतंग होऊन कटले असतील,
नाही तर कुणी त्यांत चणे खाल्ले असतील.
ज्यात सगळ्यांत कमी होतं
तो उरला.

सही मोडीत होती.
हंसाताई कर्णिक दफ्तरातून निवृत्त झालेल्या,
एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्यात सगळं संस्थान.
कागद नाकाशी नेला, लांब धरला.
"पवळे नाहीत हो हे.
भिवा लाडोबा शेडगे. तिसरा बाजा.
आणि पुढे लिहिलंय, कागद पावला."

पोच होती ती. कोठीची पोच.
हरवला तर पगारातून कापायला
शेडग्यांकडून लिहून घेतलेली.
हंसाताईंनी चहा पुढे सरकवला.
मी म्हटलं, पावला म्हणजे मिळाला एवढंच ना?
"कोठीत तेवढंच," त्या म्हणाल्या.

सूरसागरच्या कठड्यावर बसलो येताना.
यासीनभाईला परत करायचा, पैसे मागायचे,
असं ठरवलं होतं.
पण मनात तो शेडगे.
ओठांत ओली रीड, बोटं भोकांवर,
पुढे राजवाड्याचे पाहुणे, समोर पवळ्यांची काठी,
सगळा सारंग इतरांच्या तोंडून चाललेला,
आणि हा मोजतोय. नऊ. दहा.
एक घर चुकलं तर
त्याचे चार स्वर
नको तिथे उगवणार.
मी मोजून पाहिलं.
अकराव्या घरात स्कूटरने हॉर्न दिला,
पुन्हा एकपासून.
दुसऱ्यांदा सतराला भेळवाला.
अंधार पडला, पण चोवीसपर्यंत
गप्प राहणं जमलं नाही.

परत केला नाही कागद.

आता कधी रात्री
तो टेबलावर पसरून मी बोटाने ताल धरतो.
बायको मेथी निवडत असते, पाठमोरी.
काल मी ते चार स्वर गुणगुणायला तोंड उघडलं
तर मान न वळवता म्हणाली,
"थांबा.
बावीसच झालीत अजून."