अळ्यांचं लिंबू

शिवाजी पूल ओलांडला की पुढं
उसाच्या दोन फडांच्या मधे
अडीच गुंठे. भाड्यानं.
पाटीवरच्या 'सेंद्रिय'चा अनुस्वार उडालाय,
लोक 'सेद्रिय' वाचतात, तरी येतात.

सकाळी सातला शकीला मुजावर गेट उघडते
आणि आधी पिंप हुंगते.
जीवामृत आंबलंय का नासलंय
हे तिच्या नाकाला कळतं, मला अजून नाही.
एकदा मी स्वस्तात पिवळाधमक गूळ आणला
तर म्हणाली, "ताई, पावडर मारलेला हाय ह्यो.
झाडं जगवायची हायत का रंगवायची?"
गूळ परत.

शनिवारी हायवेकडच्या नर्सऱ्यांत
आंध्रातनं ट्रक येतो.
त्यांचे गुलाब तेल चोपडल्यासारखे,
पान न् पान इस्त्रीचं.
माझ्या जास्वंदाला मावा, पेरूला पिठ्या ढेकूण.
गिऱ्हाईक पान उलटं करून बघतं,
साडीचा काठ बघावा तसं,
आणि म्हणतं, "भोकं आहेत."
आहेत, म्हणते मी,
आणि दहा रुपये कमी करते.
शकीलाचं म्हणणं, भोकाचे दहा जास्त घ्यायचे.

वहीत: शेणखत एक ट्रॉली,
निंबोळी पेंड दोन पोती,
पिशव्या. काळ्या, प्लॅस्टिकच्या.
इथं पेन अडतं, दर महिन्याला.
करवंट्या करून बघितल्या,
पानांचे द्रोण करून बघितले.
द्रोण पंधरा दिवसांत मातीला मिळाले
आणि रोपं एकमेकांच्या अंगावर कलंडली
रात्रीच्या एसटीत डुलक्या घेतात तशी.
म्हणून पिशव्या. लिहिते, पान उलटते.

मागच्या खांबावर पुराची रेघ आहे,
माझ्या कानाला लागेल एवढी.
त्या वर्षी पंचगंगेनं चार हजार रोपं नेली,
पावती न करता.
पाणी उतरल्यावर वीतभर गाळ.
त्यात वांगी लावली, झकास आली.
तेवढ्यावरून मी नदीला माफ केलेलं नाही.

त्याच खांबाच्या आडोशाला एक कागदी लिंबू.
विकायचं नाही.
बाकी कुठल्या रोपावर अळी दिसली
की अलगद उचलायची, इथं आणून सोडायची,
पंगतीत उशिरा आलेल्याला सरकून जागा द्यावी तशी.
आधी पाखराच्या शिटेसारखी,
मग हिरवीगार,
डिवचली की लाल शिंगं काढते, वास मारते.
झाडाला पान म्हणून टिकत नाही.
काटे आणि काड्या.
दोन वर्षांत बोटभर वाढलं नाही.

काल रुकडीहून तवनाप्पा मगदूम आले.
दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून घाईत,
तरी हात मागं बांधून सगळं फिरले.
खांबापाशी थांबले. "ह्येचं किती?"
"ते नाही, आण्णा. अळ्यांचं आहे ते."
"म्हणून तर इचारतोय.
औषध मारायचं सोडून दहा वर्सं झाली.
अळ्या हातानं येचतो, बांधावर सोडतो,
शेजारच्या कोंबड्या टपूनच असत्यात.
झोप लागत नाही बघा."

शकीला आत ऐकत होती, पाइप तसाच वाहता ठेवून.

ते झाड मी दिलं नाही.
दुसरं दिलं, भरल्या पानाचं, कंबरेएवढं.
त्यांनी उलटसुलट बघितलं, घासाघीस नाही केली,
फक्त कोथिंबिरीवर दोन मिरच्या मागाव्यात तसं म्हणाले,
"वर दोन अळ्या घाला की."
शकीलानं तीन घातल्या.

लुनाच्या पायाशी पिशवी, पिशवीवर टॉवेल.
सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकलेला
आणि तवनाप्पा आण्णा निघाले
सायकलीपेक्षा हळू.

रात्री वहीत लिहिलं: लिंबू एक, एकशेवीस.
अळ्या तीन.
पुढच्या रकान्यात काय घालावं ते सुचेना.
सकाळी शकीला म्हणाली,
"तिसरी कढीपत्त्यावरची हुती.
लिंबावर रुळंल का ती?"
रुळेल, म्हटलं.
तो पाइप बंद कर आधी.