मुखत्यार

वसमतच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेर, लिंबाखाली,
काझी वकील टाईप झालेला कागद वाचून दाखवतात :
मी, मुंजाजी लक्ष्मण कऱ्हाळे, वय शहात्तर, धंदा काही नाही...
बाबा हात वर करतात.
"मापाडी लिवा."
"आता कुठं करता, मुंजाजी?"
"लिवा म्हनलं न्हवं."

चाळीस वर्षं मोंढ्यात
माप हातात आणि आकडा तोंडात.
एकाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं.
लाभ, लाभ, लाभ, माप ओतून होईपर्यंत,
मग दोन, दोन, दोन.
पलीकडच्या ढिगावर रज्जाकचाचा
बरकतपासून सुरू करायचे.
दोघांचे आकडे हवेत एकमेकांना घासायचे,
पण याची ज्वारी त्याच्या तुरीत
कधी गेली नाही.

गेल्या पोळ्यापासून आकडा सांडतोय.
दूधवाल्याला दोनदा पैसे.
बँकेच्या स्लिपवर रकमेच्या जागी
विकून टाकलेल्या सायकलीच्या कुलपाचा नंबर.
आणि एकदा मोंढ्याच्या गेटापाशी मलाच विचारलं,
"घर इकडं का तिकडं, बाई?"
लेकीला म्हणतात तसं नाही,
रस्त्यातल्या परक्या बाईला म्हणतात तसं.
मी हे भावाला सांगितलेलं नाही.

भाऊ चाकणला. फोनवर एवढंच म्हणाला,
"तुझ्या नावावर करू लागले का?"
"नावावर नाही रे. हातात."
मग बराच वेळ
फोनातून फक्त त्याच्या कंपनीची मशीन ऐकू आली.

दीड एकर, दोन खोल्या, पासबुक, नळपट्टी,
माझ्या वतीने, माझ्या वतीने, माझ्या वतीने.
मी वकिलांना विचारलं,
"आणि यांना काहीच आठवेना झालं, तरी चालंल ना हे?"
काझी वकिलांनी चष्मा काढून रुमालानं पुसला.
"बेटी, देणारा भानावर आहे तोवरच हा कागद.
त्याचं भान गेलं की कागदही गेला.
मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो."

म्हणजे छत्री दिली,
पाऊस लागला की आपोआप मिटणारी.

बाबा मोठ्यानं हसले.
"पोतं धड हाय तवर सुतळी,
फाटलं की सुतळी माघारी!
कोन्या आडत्यानं काढला हा कायदा?"
वकीलही हसले. मला हसता आलं नाही.

आत साहेबांनी विचारलं, "स्वखुशीनं देताय?"
"व्हय."
"कोणाला?"
बाबांनी माझ्याकडं बघितलं.
कॅमेऱ्याचा लाल दिवा. पंख्याची कुरकुर.
मागच्या बाकावर कुणीतरी तंबाखू मळत होतं,
त्याची टाळी वाजली, चुना उडाला,
तरी बाबा बघतच होते.
"द्वारका," म्हणाले. "थोरली माझी."

तागाच्या पोत्यांनी घासून गेलेला अंगठा
मशीन घेईना.
ओल्या फडक्यानं पुसला, पुन्हा दाबला,
पुन्हा पुसला.
चौथ्या वेळी घेतला.

बाहेर गाड्यावर केळी. दोन डझन मागितली.
"मोजून घ्या मामा," गाडेवाला म्हणाला.
बाबांनी हात पुढं केला,
तो तसाच हवेत राहिला,
मग माझ्याकडं वळले.
मी लाभपासून सुरू केलं.
एक केळ जास्तीचं निघालं.
"ते माघारी दे त्याचं," बाबा म्हणाले,
आणि रिक्षा कुठं उभी केली होती
ते मला विचारू लागले.