चारशे बारा मार्क

टेलिफोनचं बिल टपालबोटीतून आलं,
खाऱ्या हवेनं कडा फुगलेलं.
आमच्या हालिगवर नऊ घरं, एक शाळा, शाळेत दोन मुलं.
एवढं कोण बोललं महिनाभर?
मी नाही. माझी बहीण रविवारी फोन करते,
तीही तिच्या पैशानं.

मोमेनं खिडकीखाली बोट दाखवलं.
जुना संगणक, आत युनिक्स,
डोक्यावर मोडेम, तीन हिरवे दिवे आणि एक लाल.

हे त्यानं हिवाळ्यात बसवलं.
लाइन सतत उघडी ठेवायची नाही, म्हणाला होता,
कुणाला बाहेरचं काही हवं असेल तरच
यंत्र आपणहून फोन लावेल,
आणि तीन मिनिटं कुणी हूं की चूं केलं नाही
तर ठेवून देईल.
मला पटलं. आमच्या घरात दिवासुद्धा असाच लावतात.

अख्खा जानेवारी तो एका फाइलवर वाकलेला:
कुठला नंबर, किती सेकंद थांबायचं,
पलीकडे लाइन गुंतलेली असली तर किती वेळा पुन्हा.
एक ठिपका चुकला की मोडेम नुसतं खाकरायचं.
मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी
शिटी, घरघर, दोन दगड एकमेकांवर घासल्यासारखं काही,
आणि पडद्यावर आमच्याच समुद्राचा वाऱ्याचा अंदाज उमटला.
आम्ही खिडकीतून पाहिलं.
वारा तोच होता.

आणि आता बिलात या रात्रीच्या वेळा.
एक वाजून चार. एक चौतीस. दोन चार. दोन चौतीस.
भरतीलाही इतकी शिस्त नाही,
ती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते.

शाळेतला टाडे आला, गमबूट दाराशी काढून.
घड्याळ असेल, म्हणाला,
खरी वेळ विचारायला जात असेल बाहेर.
घड्याळाचं तोंड बंद केलं.
रात्री एक वाजून चार मिनिटांनी लाल दिवा लागलाच.
मग म्हणाला, कुणीतरी पत्ता शोधतंय.
प्रत्येक नावामागे एक आकडा असतो,
नुसता तो विचारायलाही फोन उचलावा लागतो.
चाळणी लावू: कशासाठी उठायचं, कशासाठी झोपून राहायचं.
लाव, मोमे म्हणाला,
आणि चष्मा पुसत बाजूला उभा राहिला,
स्वतःच्याच यंत्रापाशी पाहुण्यासारखा.

चाळणी लावण्याआधी टाडेनं रांग उघडून पाहिली,
पाठवायच्या पत्रांची.
रांग कसली, एकच पत्र.
ब्रोडरला. पुंता आरेनास, चिली.

पलीकडचं दार उघडत नाही, टाडे म्हणाला,
म्हणून हे दर अर्ध्या तासानं ठोठावतंय.
पण पाच दिवसांत कंटाळून पत्र परत यायला हवं.
इथं पाचाच्या जागी कुणीतरी
तीनशे पासष्ट लिहिलंय.

कुणीतरी.
मोमे मेंढ्या बघून येतो म्हणत बाहेर पडला.
मेंढ्या मुख्यभूमीवरून मे महिन्यात येतात.

अठरा वर्षांपूर्वी दोघे भाऊ बापाच्या बोटीवरून भांडले.
बोट कधीच कुजली.
पत्ता मागच्या वर्षी एका मयताला मिळाला,
बिअरच्या पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला.
मोमेनं तो खिशात घातला तेव्हा
मला वाटलं, टाकून देईल.

पत्रात काय आहे ते टाडेनं उघडलं नाही.
मीही सांगितलं नाही उघडायला.
एवढंच विचारलं, दिवसातून एकदाच ठोठावेल असं करता येतं का?
येतं, म्हणाला. रात्री नऊनंतर दर स्वस्त.
मग नऊची वेळ घाल.
आणि ते तीनशे पासष्ट?
त्याला हात लावू नकोस.

पुढचं बिल अठ्ठ्याहत्तर मार्क.
मोमेनं ते दोनदा वाचलं, घडी घातली,
काही विचारलं नाही.
हल्ली नऊला दोन मिनिटं कमी असताना
तो वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबतो,
आणि मी रेडिओ बारीक करते.