चौदा दिवस

कॅनवर छापलंय: फक्त मेंढ्यांसाठी.
खाली बारीक अक्षरांत:
औषध पाजल्यापासून चौदा दिवस
मांस खाण्यास वापरू नये.

टेगविननं चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हणजे चौदा दिवस मला कुणी खायचं नाही."
मेनिर हसली नाही. किटली उकळत राहिली.

तीस वर्षं मी यांच्या कळपाची डॉक्टर.
गुडघ्यांत एडका आवळायचा,
जबड्याच्या कोपऱ्यातून नळी जिभेमागे,
एक दाब. पुढची मेंढी.
जंतांच्या पेशींतले वासे ढासळतात,
घर बसतं.
आणि म्हणे गाठीच्या पेशीलाही
एकाची दोन होताना तेच वासे लागतात.

म्हणे. काचेच्या बशीत.
बशीत पुष्कळ काही मरतं, मी म्हणाले,
व्हिनेगर ओतलं तरी मरतं.
उंदरांत? काही उंदरांत.
माणसांत?
मी खिडकीबाहेर पाहिलं. डोंगरावर धुकं होतं,
ते तिथं नेहमीच असतं.

"वजनावर डोस ना?" म्हणत तो
मेंढवाड्यातल्या काट्यावर जाऊन उभा राहिला,
लोखंडी पिंजऱ्यात, दार स्वतःच ओढून घेऊन.
काटा डुलला, थांबला. एकसष्ट.
मार्चमध्ये त्याचा थोरला एडका ब्याण्णव भरला होता,
हाही ब्याण्णवच,
आणि आम्ही सगळी संध्याकाळ त्यावर हसलो होतो.

मी नाही म्हणाले.
यकृत, म्हणाले. किमो. रक्ताचे आकडे. माझा परवाना.
एकेक शब्द खरा
आणि बुटांच्या चिखलाइतका जड.

कार्डिफला एक चाचणी चालू होती.
गोळी जंतांवरचीच, पण माणसांची, पांढरी.
निम्म्यांना ती, निम्म्यांना नुसता खडू;
कुणाला काय, देणाऱ्यालाही ठाऊक नाही.
कागद मीच भरले.
"लिलावात याहून वाईट सौदे केलेत," टेगविन म्हणाला
आणि सही केली, पुस्तीत गिरवावी तशी सावकाश.

आता ऑक्टोबर.
एडके सोडलेत कळपात
छातीला निळा रंग चोपडून,
कुठली मेंढी फळली ते पाठीवर दिसावं म्हणून.
तो कुंपणाला टेकून मोजतो, कोट आता त्याला दोनदा गुंडाळेल एवढा:
निळी. निळी. कोरी. निळी.
मग वळतो, भर वाऱ्यात
कोट, स्वेटर, सदरा सगळं एकदम वर करतो
आणि मला पाठ दाखवतो.

"बघ गं जरा.
लागलाय का रंग?"