दोन चौकोन

सोहारला मासळीबाजाराच्या मागं आमचं टायपिंगचं दुकान.
डावीकडच्या टेबलावर थुरय्या, तिची ओळ उजवीकडून निघते.
उजवीकडच्या टेबलावर मी, माझी डावीकडून.
मधे एसी, दोघींवर सारखाच गळणारा.

अश्रफ परकार आला दुपारच्या बांगेनंतर,
बंदरावरचा फिटर, बुटांवर खाऱ्या धुळीची साय,
पेनड्राइव्ह रुमालाच्या गाठीत.
"वाटपाचा कागद. बावानं जाण्याआधी दापोलीत टाइप करून घेतलेला.
उद्या वकिलातीचा माणूस येतोय, शिक्का हवा."

उघडला तर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा,
मधेच टक्क्याची खूण, मधेच न मिटलेला कंस,
एका ओळीत सात डॉलर.
अश्रफ म्हणाला,
"आमच्या बावानं तर आयुष्यात एक नव्हता बघितला."

कागद बिघडला नाही, मी म्हटलं,
त्याचा फॉन्ट दापोलीत राहिलाय.
आणि जो सापडत नाही त्याच्या जागी
हे यंत्र कुणाला न विचारता दुसरा उभा करतं.
तो हसला. "मी रजेवर गेलो का तसंच.
माझंच हेल्मेट, आत बिहारचा कोणीतरी."

खणातल्या जुन्या सीडीवर निघाला फॉन्ट,
तोच नव्हे, त्याचा चुलतभाऊ.
अक्षरं आली, पण आली ती पुरातून आल्यासारखी:
वेलांटी शेजारच्याच्या गळ्यात, रफार अधांतरी,
'वाऱ्या'तला आडवा पडायचा र ताठ उभा,
आणि जिथं म्हणून ळ होता तिथं रिकामी चौकट.
नार□. का□ी जमीन. ओ□ीनं फणस तीन.

थुरय्यानं खुर्ची सरकवून पाहिलं.
"आमच्यात असं झालं की अक्षरं हात सोडतात एकमेकांचे.
सगळी हजर, पण शब्द नाही."

मग तो वाचायचा, मी बसवायचे.
त्याला तोंडपाठ होती सगळी जमीन,
बांध, गडगा, रातांब्याचं झाड, म्हशीचा गोठा,
मला ळ शोधावा लागलाच नाही, तो त्याच्या जिभेवर होता.
चहा दोनदा आला.
पाचव्या कलमाशी तो गप्प झाला.

विहिरीच्या □□व्या अंगाचे चार आंबे अश्रफला.

ड आणि काना. नाहीतर उ आणि ज.
दोन्हींना घरं दोनच लागतात,
मोजून काही कळत नाही.
एका अंगाला जुनी झाडं, पेटीनं आंबा देणारी,
दुसऱ्या अंगाला पोरसवदा कलमं, अजून मोहर न धरलेली,
उरलेली चार थोरल्या भावाची.
"तुम्हीच टाका काहीतरी," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर वाटलं, का म्हटलं.

त्यानं बहिणीला फोन लावला.
तिकडं संध्याकाळ कलली होती.
मेहरू चपला घालून विहिरीपाशी गेली,
फोनमधून रहाटाचा आवाज, कुत्र्याचा आवाज,
मग तिचा:
"डावा म्हणजे कुठला रे? तोंड कुठं करून उभी राहू,
घराकडं का समुद्राकडं?"

बावा टायपिंगवाल्याला सांगताना
मनात कुठं तोंड करून उभा होता,
हे त्या फॉन्टमध्येही नसणार.

थुरय्याला मी अर्थ सांगितला.
तिनं तिच्या टेबलाकडं पाहिलं, मग माझ्या,
आणि परत टाइप करायला लागली.

"राहू दे तसेच," अश्रफ म्हणाला.
"थोरल्याला पण बघू दे."
छापून दिला. पानांचे पैसे घेतले.
फाइल साठवताना या वेळी विसरले नाही,
'फॉन्ट सोबत ठेवा' यावर खूण केली:
आता जगात कुठंही उघडा,
ते दोन चौकोन असेच दिसतील.